सड्यावर माती टाकू नका

दर पावसाळ्यात कोकणातल्या किंवा सातारा-कोल्हापूरकडच्या कुठल्या ना कुठल्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, वृक्षारोपण होतं. ब्रेकरने नाहीतर सुरुंग लावून जांभ्यात खड्डे करायचे, खालून डंपरने लाल माती आणायची, वर पाटीभर शेणखत, आणि मग गुलमोहर, सुरू, काजू, मिळेल ते रोप. सात-बाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निकामी; डोळ्यांना उघडा कातळ; म्हणजे जागा रिकामीच, अशी समजूत. पण सड्यावर जे उगवतं ते माती नाही म्हणूनच उगवतं, आणि तिथे खत पडलं की आधी तेच मरतं. हे कसं, ते जरा तपशिलात बघू.

जांभा बनतो तो असा. बेसॉल्टवर, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या दगडावर, लाखो वर्षं उन्हापावसाचा मारा झाला की त्यातली सिलिका, चुना, मॅग्नेशियम, पालाश विरघळून वाहून जातात आणि मागे लोह व अॅल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात. म्हणून चिरा तांबडा. रत्नागिरी, राजापूर, देवगडचे सडे समुद्रसपाटीपासून फार उंच नाहीत. साताऱ्याजवळचं कासचं पठार साधारण १२०० मीटरवर आहे. पश्चिम घाटाची जी ठिकाणं २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कासही आहे. उंची कितीही असो, गणित तेच. कातळावर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे वीतभर, आणि कित्येक ठिकाणी मुळीच नाही.

त्या बोटभर मातीतही खायला फारसं काही नसतं. स्फुरद (फॉस्फरस) आहे तो लोहाशी घट्ट बांधला गेलेला, मुळांना सहजी सुटत नाही. नत्राची (नायट्रोजनची) कथा आणखी वाईट. जून ते सप्टेंबर माती पाण्याखाली असते, तिच्यात हवा राहत नाही, आणि हवा नसली की जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. जे शिल्लक राहतं ते वाहतं पाणी घेऊन जातं. वर माती आम्ल. शेतकऱ्याने माती परीक्षण करून आणलं तर कागद बघून हात टेकावेत अशी ही जमीन.

आता ऑगस्टमध्ये या जमिनीवर गुडघे टेकून बघा. उभ्याने काही दिसत नाही, हे आधीच सांगतो. दहा पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. पाणी झिरपत असेल अशा उघड्या, गवत विरळ असलेल्या जागी रुपयाच्या नाण्याएवढी लालसर चकती जमिनीला चिकटलेली दिसेल. तो दवबिंदू, ड्रोसेरा बर्मानी. प्रत्येक पानावर केसांसारखी तंतुकं आणि प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब. ऊन वर आलं, बाकीचं दव उडून गेलं, तरी हे थेंब तसेच राहतात, कारण ते पाणी नसून डिंकासारखा स्राव असतो. चिलट टेकलं की पाय अडकतो, सुटायला धडपडतं तसं आणखी थेंबांना चिकटतं. या जातीची कडेची तंतुकं विशेष चपळ आहेत, काही सेकंदांत आत वळतात आणि कीटकाला पानाच्या मध्यावर ढकलतात. मग पान पाचक रस सोडतं, काही दिवसांत कीटकाचा मऊ भाग विरघळवून शोषून घेतं, आणि पोकळ कवच वाऱ्यावर जायला मोकळं. दुसरा दवबिंदू, ड्रोसेरा इंडिका, उभा वाढतो. पानं दोऱ्यासारखी लांब, फुलं गुलाबी. महाबळेश्वरच्या बाजूला तिसरा भेटतो, ड्रोसेरा पेल्टाटा. तो पावसाळा संपला की वरून मरतो आणि जमिनीतल्या बारक्या कंदात उन्हाळा काढतो.

इथे एक गैरसमज असतो की ही झाडं कीटकांवर ‘जगतात’. तसं नाही. साखर आणि पिष्ट ती इतर झाडांसारखी उन्हातूनच बनवतात. किड्यातून त्यांना हवं असतं नत्र आणि स्फुरद, म्हणजे नेमकं जे मातीत नाही ते. मुळं आहेत ती धरून ठेवायला आणि पाणी ओढायला. आणि हा सापळा फुकट पडत नाही. स्राव बनवायला साखर खर्च होते, तंतुकांनी भरलेलं पान साध्या पानाइतकं अन्न बनवू शकत नाही. भरपूर ऊन, भरपूर पाणी आणि उपाशी माती, हे तिन्ही एकत्र असेल तिथेच हा व्यवहार परवडतो. सावली आली किंवा खत आलं की साधं गवत त्याला सहज मागे टाकतं.

सड्यावरून दवबिंदू उपटून घरी नेणारे दर वर्षी दिसतात. ते झाड आठवड्याभरात मरतं. कास राखीव वनात येतं, तिथे तर हा गुन्हाच आहे. हौस असेल तर मांसाहारी वनस्पती विकणाऱ्या रोपवाटिकांकडून ड्रोसेरा बर्मानीचं बी घ्या, ते सहज रुजतं. साधारण १० सेंटिमीटरची, तळाला भोकं असलेली प्लॅस्टिकची कुंडी घ्या. मातीची नको, तिच्यात क्षार साठतात. एक भाग पीट मॉस, एक भाग धुतलेली जाड नदीची वाळू. पीट मॉस मिळत नसेल तर कोकोपीट चालतं, पण त्यात मीठ असतं. पावसाच्या पाण्यात भिजवून, पिळून, असं चार-पाच वेळा केल्याशिवाय वापरू नका. समुद्राची वाळू अजिबात नको, तिच्यात शिंपल्यांचा चुना असतो. बी वर नुसतं भुरभुरा, मातीने झाकू नका, त्याला उजेड लागतो. कुंडी ताटलीत ठेवून ताटलीत एक-दोन सेंटिमीटर पाणी कायम ठेवा. पाणी पावसाचं किंवा आर. ओ. यंत्राचं, विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण ५० पी.पी.एम.च्या (दहा लाख भागांत ५० भागांच्या) खाली हवं. बोअरच्या पाण्याने ही झाडं हमखास जातात. दोन ते चार आठवड्यांत रोपं दिसतील. त्यानंतर थेट ऊन, निदान चार-पाच तास.

थेंब नाहीसे झाले तर आधी पाणी तपासा, मग ऊन, मग हवेतला कोरडेपणा. खत घालायचं नाही, पनीर किंवा मांसाचा तुकडा तर नाहीच. त्याला बुरशी येते आणि पान कुजतं. गॅलरीतली चिलटं पुरतात. फुलं येऊन बी धरलं की झाड बहुधा वाळतं. ते तुमच्या हातून मेलं असं समजू नका, त्याचं आयुष्यच तेवढं. बी कागदात गुंडाळून ठेवा आणि पुन्हा पेरा.

दवबिंदूच्या शेजारीच, जिथे पाणी पायाच्या नखाएवढं साचून हलकं वाहत असतं, तिथे निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा असतो. ती सीतेची आसवं. पर्यटक या फुलांचे फोटो काढतात आणि निघून जातात, पण सगळी गंमत फुलाच्या खाली आहे. युट्रिक्युलेरिया प्रजातीतल्या या झाडाला खरी मुळंच नसतात. चिखलात दोऱ्यासारखे धागे पसरतात आणि त्यांना मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान पिशव्या लागतात. पिशवीच्या भिंतीतल्या ग्रंथी आतलं पाणी सतत बाहेर उपसतात, त्यामुळे पिशवी दोन्ही बाजूंनी दबून खपाटीला जाते. तोंडाला झडप, झडपेवर राठ केस. पाण्यातला एखादा सूक्ष्मजीव केसाला लागला की झडप आत उघडते, पिशवी फुगते आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. या सगळ्याला एक मिलिसेकंदही लागत नाही. वनस्पतींमधल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. पुढच्या अर्ध्या तासात पाणी उपसून सापळा पुन्हा तयार.

हे बघायला सड्यावरचा चिखल उकरायची गरज नाही. भातखाचरात किंवा तळ्यात पिवळ्या फुलांची युट्रिक्युलेरिया ऑरिया तरंगत असते, तिच्या पिशव्या मोठ्या, नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या. एक फांदी पांढऱ्या बशीत तळ्याच्याच पाण्यात ठेवा. पारदर्शक पिशव्या रिकाम्या, काळपट झालेल्या भरलेल्या. फांदी पाण्यातून वर उचलून कानाजवळ धरली तर बारीक तडतड ऐकू येते. सापळे सुटून पाण्याऐवजी हवा आत ओढतात त्याचा तो आवाज. पुन्हा पाण्यात सोडलीत तर त्या पिशव्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतील.

शिकार हा पोट भरायचा एकच मार्ग नाही. मिकी माऊस म्हणून आता प्रसिद्ध झालेली पिवळी स्मिथिया, म्हणजे कवला, शेंगवर्गातली. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून देतात. उन्हाळ्यात कातळावर जो काळा रंग दिसतो तोही दगडाचा नसतो. ती नील-हरित शेवाळांची वाळलेली कातडी आहे. पाऊस पडला की ती फुगते, हिरवट-काळी आणि घसरडी होते, आणि तिच्यातल्या काही जाती नत्र स्थिर करतात. सड्यावरच्या नत्राची मूळ पुंजी बऱ्याच अंशी या बुळबुळीत थरातून येते, ज्याला आपण ‘कातळ घसरतोय’ म्हणून शिव्या घालतो.

आणि चोरही आहेत. संध्याकाळी उमलणारी, लांब नळीची पांढरी तुतारी, रॅम्फिकार्पा, बघायला सोज्वळ. जमिनीखाली तिची मुळं गवताच्या मुळांना भोक पाडून रस ओढत असतात. ज्वारीतला टारफुला याच कुळातला, त्यामुळे देशावरच्या शेतकऱ्याला हा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. टारफुल्याचं धुळीसारखं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि शेजारच्या मुळातून ठरावीक रसायन झिरपलं तरच रुजतं.

खाण्याचं झालं. पण सड्यावरची खरी परीक्षा पाण्याची आहे, आणि तीही उलटसुलट. चार महिने मुळं बुडलेली, आठ महिने थेंब नाही. मे महिन्यात उघडा कातळ दुपारी ५० अंशांच्या वर तापतो. बुडण्यावरचा उपाय गेंदाच्या झाडात बघा. पांढऱ्या गुंड्यांची ही एरिओकॉलॉनची झाडं सीतेच्या आसवांच्या सोबतीनेच असतात. त्यांची मुळं पांढरी, स्पंजासारखी, आत हवेच्या कप्प्यांनी भरलेली. पानांतली हवा त्या कप्प्यांतून खाली मुळांच्या टोकापर्यंत जाते, म्हणून चिखलात गुदमरत नाहीत.

कोरडेपणावर मात्र प्रत्येकाचा उपाय वेगळा. सोपा उपाय म्हणजे कोरडेपणा बघायचाच नाही. गेंद, तेरडा, पहिले दोन दवबिंदू ही एका हंगामाची झाडं; पावसात उगवतात, काही आठवड्यांत बी धरतात आणि उन्हाळा बी म्हणून काढतात. दुसरा उपाय जमिनीत दडायचा. कोकणच्या सड्यांवर पहिल्या पावसाबरोबर जी पांढरी सुवासिक फुलं उभी राहतात ती कोकण दिपकाडीची, तिचा कांदा कातळाच्या भेगेत बसलेला असतो. शिदोरी आधीच साठवलेली असल्याने ती कुणाच्याही आधी फुलते. डबक्यांतला वायतुरा, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, हाही कंदवालाच. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला गुलाबी तुरा, नर एका झाडावर आणि मादी दुसऱ्यावर. हे झाड सह्याद्रीतल्या मोजक्या पठारांखेरीज कुठेही नाही. ज्या डबक्यात गाडी धुतात किंवा जे राडारोड्याने बुजवतात, ते डबकं त्याचं घर असू शकतं.

तिसरा उपाय सगळ्यात धाडसी: वाळायचं, पण मरायचं नाही. ट्रायपोगॉन नावाचं बुटकं गवत कातळावरच्या अर्धा-पाऊण बोट मातीत राहतं. उन्हाळ्यात त्याच्या पानांतलं पाणी १० टक्क्यांच्याही खाली जातं. इतर कुठल्या गवताचं एवढं पाणी गेलं तर पेशींची आवरणं फाटून खेळ खलास. ट्रायपोगॉन पाणी जाताजाता पेशी साखरेने भरतं. ती साखर काचेसारखी घट्ट होते आणि आतली यंत्रणा जागच्या जागी धरून ठेवते. पाऊस आला की एक-दोन दिवसांत तेच जुनं पान हिरवं. नवं पान फुटत नाही, वाळलेलंच जिवंत होतं, हे लक्षात घ्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या अशा ६२ जातींची यादी केली आहे. त्याआधी भारतभरातून जेमतेम नऊ माहीत होत्या. कातळाच्या कपारीतली काही नेचीही यातलीच. त्यांची पानं वाळताना आत वळून मूठ मिटतात.

पसरायचं कसं, हाही पेचच. दूर जावं तर पुढे सडा संपलेला, कडा किंवा जंगल. म्हणून इथल्या बऱ्याच झाडांचं बी जवळच पडतं. तेरड्याचं पिकलेलं बोंड चिमटीत धरा. पाचही फाका झटक्यात गुंडाळतात आणि बी हातभर लांब उडतं. गेंद आणि सीतेची आसवं यांचं बी एवढं बारीक की कातळावरून वाहणारा पाण्याचा पातळ पापुद्रा ते एका खळग्यातून दुसऱ्यात नेतो. कंदीलपुष्पाच्या शेंगेतलं बी मात्र रेशमी तुऱ्यावर बसून वाऱ्याबरोबर जातं, आणि त्यातलं बहुतेक चुकीच्या जागी पडून फुकट जातं.

कुसळी गवताचा प्रकार मुद्दाम करून बघण्यासारखा आहे. नोव्हेंबरात पिकलेलं एक कुसळ ओल्या तळहातावर ठेवा. वाळताना पीळ बसलेली शेपटी ओल लागताच उलगडते आणि कुसळ गरागरा फिरायला लागतं. दिवसा वाळून पीळ, रात्रीच्या दवाने उलगड, असं फिरत फिरत बियाचं टोक जमिनीत शिरतं. टोकावरचे केस मागे वळलेले, त्यामुळे मागे सरकता येत नाही. म्हणूनच ते पायमोज्यातूनही निघत नाही. भेग असली तर बी अर्ध्या-एक इंचावर बसतं, जिथे कातळाची आग पोचत नाही.

आता पहिल्या मुद्द्याकडे. एवढ्या सगळ्यावर डंपरभर माती पडली तर काय होतं? पहिल्यांदा, त्या मातीबरोबर रानमोडी, गाजरगवत, टाकळा यांचं बी येतं. सड्यावर ती एरवी तग धरत नाहीत, पण मातीत नत्र-स्फुरद आलं की दोन हंगामांत कंबरेएवढी होतात. दुसरं, त्यांच्या सावलीत दवबिंदू बसूच शकत नाही. तिसरं कमी दिसतं पण जास्त घातक: माती आणि बांध यांनी पाण्याचा तो पातळ पापुद्रा अडतो. खालच्या अंगाचे खळगे कोरडे पडतात, तिथलं बी रुजत नाही. कुंपणाच्या भिंतीनेही हेच होतं. भिंत घालायचीच असेल तर तळाशी दर दोन-तीन मीटरवर पाणी जायला मोकळी भोकं ठेवा. आणि सुंदर दिसतं म्हणून रस्त्याकडेला कॉसमॉसचं बी फेकण्याचा जो नवा छंद आहे, तो तर कृपा करून बंद करा.

खड्ड्यातली झाडं तरी जगतात का? अखंड कातळात खोदलेला एक मीटरचा खड्डा म्हणजे भोक नसलेली कुंडी. जुलैत मुळं पाण्यात कुजतात, मार्चमध्ये तीच माती चुलीवरच्या तव्यासारखी होते. देवगड-रत्नागिरीचा हापूस कातळावर उभा आहे हे खरं, पण बागायतदार सुरुंगाने खालपर्यंत भेगा पाडतो, पाण्याचा निचरा बघतो, पहिली काही वर्षं उन्हाळ्यात पाणी घालतो. पोट त्यावर आहे म्हणून तो एवढं करतो. फोटो काढून निघून जाणाऱ्यांकडून ते होत नाही.

जमीन तुमची असेल आणि झाडं लावायचीच असतील तर सड्याची कड निवडा. उतार जिथे सुरू होतो तिथे वाहून आलेली माती आपोआप साठलेली असते. पहारीने टोचून बघा. दोन-अडीच फूट पहार गेली तर कोकम, जांभूळ, अंजनी, करवंद लावा. वीतभरात ठण्ण वाजली तर ती जागा सोडा. गुरं चरत असतील तर चरू द्या, माफक चराईने उंच गवत आटोक्यात राहतं. डबक्यांत गाळ साठला म्हणून जेसीबी घालू नका, कंद त्या गाळातच आहेत. आणि पावसाळ्यात सड्यावरून चालताना उघड्या कातळावर पाय टाका, ओल्या मातीच्या पट्ट्यांवर नको. कातळ घसरतो, तेवढी काठी हातात असू द्या.